रोज बदलायची पट्टी

पनवेलच्या एका दवाखान्यात मी ड्रेसिंग करायचे, तेव्हा उरणकडचे एक कोळी मामा रोज यायचे. जाळ्याच्या दोरीने त्यांचं मनगट सोललं होतं. सगळे पेशंट चपलांसकट आत शिरत, मामा मात्र त्या दाराबाहेर काढत. नंबर आला की मागच्याला पुढे पाठवत. मी पट्टी सोडू लागले की भिंतीकडे बघत बोलायचे, "आज भरती लवकर हाय. काल वाकट्यांचं कालवण केलं, एकट्याला लय झालं." मी नुसतं हूं म्हटलं तरी त्यांना पुरायचं.

एकदा डॉक्टरांनी कातडीसारखी पातळ, नवीन तऱ्हेची पट्टी दिली. ती चिकटवून मी म्हटलं, "मामा, हिच्यातून जंतू आत जात नाहीत, होडीवरचं ऊनही लागत नाही. आता आठवडाभर यायला नको." त्यांनी मनगट उलटसुलट करून पाहिलं आणि मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी दाराबाहेर त्यांच्या चपला होत्या. मामा बाकावर बसलेले, मनगट उघडं, जखम लालभडक.

मी भडकलेच. "पट्टी कुठंय?"

"काढली," ते भिंतीकडे बघत म्हणाले. "मला ती जुनीच बांध, बाय. ती रोज बदलाय लागते."