एकटी मावशी चार कशी झाली

महाराजपूरच्या आमच्या वस्तीत मोजणीवाल्या मावशीला आकड्याने कोणी फसवू शकत नसे. विहारात जयंतीचे जेवण आटोपले की माइकवरून घोषणा व्हायची, "हजारो लोक जेवून गेले!" मावशी तेव्हा मागच्या अंगणात उष्ट्या पत्रावळ्यांपाशी उभी असायची. "चारशे बारा," ती म्हणायची. "डोकं दोनदा दिसते बाई, पत्रावळ एकदाच उठते."

ती सरकारी शाळेत शिकवायची. जनगणनेची ड्यूटी तिने तीनदा केली होती, म्हणून हे नाव पडले. बाकीचे मास्तर कुलूप दिसले की शेजाऱ्याला विचारून फॉर्म भरत. मावशी त्या घरी परत परत जायची. "दार ठोकल्याशिवाय माणूस लिहू नये," हा तिचा कायदा.

माझा कॉलेजचा फॉर्मही तिनेच भरून घेतला. आमच्या घरातली मी पहिली ग्रॅज्युएट. हे मी अजूनही मान वर करून सांगते.

पहिली नोकरी लागली ती किराणा घरपोच देणाऱ्या एका ॲपच्या कंपनीत, सिव्हिल लाइन्सला. माझे काम म्हणजे लोकांच्या फोनमध्ये ॲप घालून खाते उघडून द्यायचे, बदल्यात त्यांना स्टीलचा एक डबा. काही महिन्यांतच कंपनीने मोठा बोर्ड लावला: महाराजपूरच्या दहापैकी नऊ घरांत आम्ही! मग माझ्याकडे तोच आकडा लिहिलेला कागद आला. आकडा मी स्वतः तपासला आहे, अशी त्यावर माझी सही हवी होती. मी तो मोठ्या तोऱ्यात मावशीला दाखवायला नेला.

तिने चष्मा लावला. "अच्छा. माझं नाव आहे का याच्यात?"

"आहे न, मावशी."

"कितीदा?"

तिच्या फळीवर आमचे चार डबे एकावर एक उभे होते. टार्गेट अडले की मीच यायची आणि तिच्या फोनवर नवे खाते उघडून जायची.

"तुझं अडलं होतं, म्हणून हो म्हटलं मी. किराणा तर कोपऱ्यावरच्या दुकानातूनच आणून राहिली. मग मी एकटी बाई, चार काहून झाली व?"

"सगळेच असं करतात, मावशी."

"करत असतील. सही कोणाची आहे?"

"माझी."

"मग चलो. दारं ठोकू."

दोन रविवार आम्ही फिरलो. साठ घरे झाली. डबे जवळजवळ सगळीकडे होते; कुठे डाळ, कुठे बटणे, कुठे पोरांचे खेळायचे कंचे. ॲपवरून किराणा मागवणारी घरे निघाली सात.

घरात पगार आणणारी मी एकटीच. तरी कागदावरचा आकडा खोडून मी 'साठपैकी सात' लिहिले आणि सही केली. साहेब म्हणाले, "मैडम, सात से कंपनी चलती है क्या?" महिनाअखेरीस मला घरी बसवले.

मी मावशीकडे जाऊन रडले. तिने चहा ठेवला. "रडून घे पोटभर. मग शिक्षक भरतीचा फॉर्म भरू."

आता मीही सरकारी शाळेत शिकवते. यंदा मला जनगणनेची ड्यूटी लागली, आणि वाटणीला आली आमचीच वस्ती. मावशी आता काठी घेऊन चालते. दारातूनच मी विचारले, "मावशी, घरात माणसं किती?"

"एक. पण उंबऱ्यावरून काय मोजते? पाहून घे."

मी खरेच आत गेले, स्वयंपाकघरात डोकावले, मागचे अंगणही पाहून आले. फळीवर चारही डबे होते, घासून लखलखीत.

मावशी खुर्चीत हसत होती. मी तिच्यासमोर बसले आणि लिहिले: एक.