आधी पाणी, मग कुंकू

आमच्या ग्रंथीबाई माणसाचा चेहरा नंतर बघायच्या, आधी गळा. रस्त्यात कोणी भेटलं की नमस्कार करता करता त्यांची नजर खाली उतरायची. शंका आली की पर्समधली बाटली पुढे करून म्हणायच्या, “एक घोट पाणी प्या बघू.” गिळताना गळ्याशी काही वरखाली होतंय का, हे त्यांना बघायचं असे. नवख्या माणसाला वाटे, बाई फार अगत्याच्या आहेत. तशा होत्याच म्हणा.

बोईसरच्या कॉलेजात त्या आम्हाला जीवशास्त्र शिकवत; शरीरातल्या ग्रंथी हा त्यांचा जिव्हाळ्याचा विषय, म्हणून आम्ही पाडलेलं नाव ग्रंथीबाई. मूळच्या साताऱ्याकडच्या, यजमान वीज केंद्रात, म्हणून वसाहतीत बिऱ्हाड. त्यांच्या तोंडी मेंदूखालची पिच्युटरी ही सासू आणि गळ्यातली थायरॉईड ही सून. सासूने निरोप धाडायचा, सुनेने कामाला लागायचं. “आणि सासू ओरडून ओरडून दमली तरी सून हलेना, तर काय समजायचं? सून आजारी आहे.” एकदा वर्गात आल्या त्या परीक्षा जाहीर करतच. आमचे हातपाय गार पडल्यावर शांतपणे म्हणाल्या, “छातीवर हात ठेवा. हे ॲड्रेनॅलिन. परीक्षा नाही.” पुढच्या आठवड्यात पुन्हा तसंच झालं. आम्ही हसत छातीवर हात ठेवले, आणि बाईंनी खरोखरची परीक्षा घेतली.

वर्गात पेंगणाऱ्या मुलीला मात्र त्या कधी ओरडल्या नाहीत. तिची खालची पापणी ओढून बघत. आत पांढरट दिसलं तर रक्त तपासायला धाडत आणि गोळ्या घेतल्या का, हे विचारून विचारून तिला भंडावून सोडत. “आधी रक्त बघा, मग नावं ठेवा,” हे त्यांचं पालुपद होतं.

आमचं घर पालघरजवळच्या माहीमचं, पानवेलींच्या वाडीतलं. सगळी पहाटेपासून राबणारी. त्यात वहिनी लग्नानंतर सुस्तावत गेली. कुठेही डोळा लागायचा, चेहरा सुजल्यासारखा दिसायचा, केस गळायचे, आणि भर उकाड्यात अंगावर शाल. आईने तिला आळशी ठरवून टाकलं. संक्रांतीचं हळदीकुंकू झालं की तिला पाम गावी माहेरी पोचवायची आणि परत आणायची नाही, हेही ठरलं. दादा विषय निघाला की वाडीत निघून जायचा. वहिनीने रडत पिशवी भरून ठेवली होती.

त्या हळदीकुंकवाला मी बाईंना सगळं सांगून बोलावलं होतं. वहिनी कुंकू लावायला वाकली तसा बाईंनी तिचा हात धरला. “आधी पाणी, मग कुंकू.” सगळ्या बायकांदेखत वहिनीने पेला तोंडाला लावला. बाईंनी निरखून पाहिलं आणि आईला स्वयंपाकघरात नेलं. आमच्या घरातलं आमी बगू, असं आई चढ्या आवाजात म्हणाली. बाईंचा आवाज चढला नाही. “मी डॉक्टर नाही. माझं चुकतही असेल. पण रक्ताचा रिपोर्ट येईपर्यंत तिला इथेच ठेवा. एवढंच मागते.” हळदीकुंकवाला आलेल्या सवाष्णीला रिकाम्या हाती पाठवायचं आईच्या जिवावर आलं.

पालघरच्या डॉक्टरांनी थायरॉईडच सांगितलं. रोज सकाळी उपाशीपोटी एक गोळी. हळूहळू शाल सुटली, चेहऱ्यावरची सूज उतरली, आणि वहिनी आईच्या आधी वाडीत दिसू लागली. तिची पिशवी आईनेच रिकामी केली होती.

परवा बाई निरोप घ्यायला आल्या. यजमान निवृत्त झाले, वसाहतीतलं घर सोडायचं होतं. आईने पाण्याचा पेला त्यांच्या हातात दिला आणि समोर बसून त्यांच्या गळ्याकडे टक लावून बघत राहिली. बाईंनी हसून विचारलं, काय दिसतंय.

“मला काय कळतंय,” आई म्हणाली. “पण तुमी सगळ्यांचे गळे बगता. तुमचा बगायला कोन हाय?”

बाईंनी मान थोडी वर केली आणि उरलेलं पाणी आईला नीट दिसेल असं, सावकाश, एकेक घोट करत संपवलं.