वहीची कापलेली किनार

माझे वडील गावच्या जलशात गायचे. त्यांच्या गाण्यांची वही माझ्याकडे आहे. शाई विटकरी झालेली, पानांच्या कडा कुरतडल्यासारख्या. मी तिसरीपर्यंत शिकलो, पुढचं आयुष्य हाटकेशच्या कारखान्यांतल्या एका गाळ्यात स्टीलची भांडी पॉलिश करण्यात गेलं. पण ती वही मी कुणाच्या हाती दिली नाही.

फक्त एकदा दिली. दोन वर्षांपूर्वी मीरा रोड स्टेशनबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडे. त्यातलं सगळ्यात गाजलेलं गाणं चार पानी. म्हटलं, हे तरी टिकावं. ती पानं सोडवून त्याला म्हणालो, "भैया, किनारा काट के सीधा कर दे, फिर लॅमिनेशन मार." पानं काचेसारखी चकचकीत झाली. पॉलिशवाल्या माणसाला आणखी काय हवं?

माझी नात विद्यापीठात मराठीत एम.ए. करतेय. त्यांच्या मॅडम जुन्या हस्तलिखितांवर वर्ग घेतात. नात म्हणाली, "आबा, वही एक दिवस नेऊ?"

"वही जाईल तिथे मी जाईन," मी म्हटलं. आणि गेलो.

वर्गाच्या दारातच माझ्या खिशातलं पेन काढून घेतलं. शाईचा डाग नको म्हणून आत फक्त पेन्सिल. मला राग आला, पण मुलांच्या खिशातलीही काढली तेव्हा निवळला. मग सगळ्यांनी हात धुऊन कोरडे केले आणि वही फोमच्या उशीवर ठेवली. पान मिटू नये म्हणून वर जड मण्यांची माळ. मी बघतच राहिलो. माझ्या बापाला जन्मात उशी मिळाली नाही, त्याच्या वहीला मिळाली!

लॅमिनेशन केलेली पानं निघाली तशी एक मुलगी पुटपुटली, "अरे देवा."

मॅडम हळू म्हणाल्या, "आजोबा, हे प्लॅस्टिक आता निघणार नाही. काढायला गेलं तर अक्षरं सोबत येतील."

"पण आता पानं फाटणार तरी नाहीत," मी म्हटलं.

"ते खरं," त्या म्हणाल्या आणि ती पानं हळूच बाजूला ठेवली.

मग मुलं बाकीच्या पानांवर वाकली. समासात जागोजागी तांबड्या पेन्सिलीची आडवी रेघ, आणि रेघेजवळ एकच अक्षर. कुठे 'च', कुठे 'र'. एक म्हणाला, लिहिणाऱ्याच्या नावाचं अक्षर असेल. दुसरी म्हणाली, चूक दुरुस्त करायची खूण. मी मजा बघत होतो. शेवटी राहवलं नाही.

"ती झीलची खूण," मी सांगितलं. "मुख्य गाणारा थांबतो, मागचे उचलतात, ती झील. त्या ओळीत ज्या शब्दावर उचलायचं, त्याचं पहिलं अक्षर."

मग काय, अर्ध्या वर्गाला झीलकरी केलं. बेसूर, पण जोरात! मॅडमसुद्धा टाळ्यांनी ताल धरून होत्या.

तेवढ्यात त्या 'अरे देवा'वाल्या मुलीने विचारलं, "आजोबा, या प्लॅस्टिकच्या पानांवर खुणा का नाहीत?"

खुणा समासात होत्या. समास झेरॉक्सवाल्याच्या कचऱ्याच्या डब्यात गेला होता.

"मला पाठ आहे," मी म्हटलं आणि सुरू केलं, "उंबऱ्यावरची धूळ झाड पोरी, पाटी मांडीवर घे." ओळ पुरी केल्यावर झील दिली, चाल लंगडली. पुन्हा म्हटलं, दोन ओळींनंतर दिली, तीही बसेना. नात खाली बघत होती. पोरं वाट बघत होती. खोटं रेटता आलं असतं. कुणाला कळणार होतं? पण ते तसंच लिहून घेतलं गेलं असतं, आणि बापाचं गाणं कायमचं लंगडं झालं असतं.

मी गावी थोरल्या बहिणीला फोन लावला. लहानपणी तीच झील द्यायची. नातीने स्पीकर चालू केला.

"बाय, धूळ झाड पोरीत झील कुठं गं?"

"वही हाय ना तुझ्याकडं?"

"आहे."

"मग बघ की समासात."

सगळा वर्ग ऐकत होता. "समास मी कापला, बाय. लॅमिनेशनला."

"कापलास? मेल्या, मिशा कापायच्या हुत्या त्यापेक्षा!"

वर्ग हसला. मीही हसलो, दुसरं काय करणार. मग तिने गायलं. आवाज पार पिचलेला, पण जागा पक्की. झील ओळीच्या मधेच होती, 'पोरी' झाल्याबरोबर, 'पाटी'वर.

"मधेच का गं?"

"अरे, खडी फोडून बाबांच्या छातीत धूळ बसलेली. 'पोरी'वर दम सरायचा. पुढचं आमी उचलायचो. लोकांना वाटायचं, चालच तशी हाय."

मला हे ठाऊक नव्हतं. इतकी वर्षं मी ते गाणं गात होतो, धडधाकट छातीने.

मी खिशाकडे हात नेला, पेन नव्हतं. म्हटलं, प्लॅस्टिकवर मार्करने 'प' काढतो. मॅडम म्हणाल्या, "त्यावर नको. वेगळ्या कागदावर लिहा, वहीत ठेवू. आम्ही वहीचे फोटो काढू, त्यात तोही येईल."

पेन्सिलीने लिहिलं. वेळ लागला. 'पाटीवर झील. बाबांचा दम पोरीवर सरायचा. बहिणीने सांगितलं. समास मी कापला.'

मॅडमनी वाचलं. "शेवटचं वाक्य नसलं तरी चालेल, आजोबा."

"नाही," मी म्हटलं, "ते राहू दे."