मंगळवारी आणि शुक्रवारी पडणारा पाऊस

"रिपोर्ट फायनल आहे ना?" सरांनी पुन्हा विचारलं. "उद्या मीटिंग आहे."

"सर, माहूरकडचा आकडा मला पटत नाही."

"पटायचं काय त्यात? सॉफ्टवेअरनं काढलाय."

मी नांदेडला हवामानाचा डेटा तपासते. मूळची शिरूर अनंतपाळ तालुक्यातली. आमच्या घरात कॉलेज पूर्ण केलेली पहिली मीच. या रिपोर्टवर पहिल्यांदा माझं नाव येणार होतं. तो चुकलेला मला चालणार नव्हता.

काम साधं आहे. ऊन, ओल, वारा, पाऊस बघून आम्ही प्रत्येक दिवसाला एक टाईप देतो. मग वर्षभरात किती तऱ्हेचे दिवस आले ते बघतो. ताटात रोज पिठलं-भाकरीच असली तर विविधता कमी. भाजी, कढी, वरण आलटून पालटून आलं तर जास्त. लातूरच्या सपाट भागातलं ताट वर्षागणिक एकसुरी होत चाललं होतं, म्हणजे पिकांना धोका. माहूरच्या डोंगराकडं मात्र उलटं, विविधता वाढताना दिसत होती. तिथं आमचं एकच यंत्र, आणि त्यात एक नवाच टाईप सारखा येत होता: कडक ऊन, निरभ्र आभाळ आणि किंचित पाऊस.

रिपोर्ट असाच गेला असता तर 'डोंगरात काळजी नाही' असं ठरलं असतं. पीक-नियोजनातून ती गावं सरळ वगळली गेली असती.

मी त्या पावसाच्या तारखा कॅलेंडरवर मांडल्या. सगळ्या मंगळवारी, नाहीतर शुक्रवारी. मला हसूच आलं. हे तर माझ्या आईचे उपासाचे, देवीचे वार.

"सर, ढगाला वार कळतो का?"

सरांनी कॅलेंडरवरच्या खुणा बोटानं मोजल्या. "मीटिंग पुढं ढकलतो. तिथं जाऊन बघा. पण हात हलवत परत येऊ नका, मॅडम."

शुक्रवारी सकाळीच एसटीनं त्या यंत्राच्या गावात पोचले. तारेच्या कुंपणात आमचं यंत्र. कडेला पाऊस मोजायचं भांडं. वरून उघडं, आत पाणी पडलं की आकडा थेट ऑफिसात. कुंपणाला लागून लिंबाखाली शेंदूर लावलेली देवी. एक आजी आल्या. देवीला पाणी घातलं. तांब्यात उरलेलं घोटभर, कुंपणावरून हात लांबवून, आमच्या भांड्यात.

"आजी, हे काय करताय?"

"सरकारनं पाऊस मागायला भांडं ठिवलंय न्हवं? देवीपुढं रिकामं भांडं ठिवतेत व्हय, माय?"

"त्यात पाऊस मोजतात, आजी."

"मग मोजा की. म्या कुठं न्हाई म्हनले?"

"अहो, तुमचं पाणी पाऊस म्हणून लिहिलं जातंय!"

आजी थबकल्या. मग पदर तोंडाला लावून हसल्या. "मंजी माझ्या तांब्यावर तुमचं हापिस चालतंय! लई शिकलीस गं, माय!"

पाणी घालू नका असं सांगून त्या ऐकणार नव्हत्या. गावातल्या दुकानातून एक पितळी लोटी आणली, देवीपुढं ठेवली. "ही यंत्राकडून. हिच्यात घाला."

"हाव. हे जमतंय."

ऑफिसात येऊन ते सगळे दिवस कोरड्या टाईपात टाकले आणि आकडा नव्यानं काढला. डोंगरातही विविधता घटतच होती, फक्त लातूरपेक्षा हळू. मीटिंगमध्ये सरांनी मलाच उभं केलं.

"म्हणजे डोंगरातली गावंही धरायची?" एका साहेबांनी विचारलं.

"धरायचीच, साहेब." मी नवा आकडा त्यांच्यापुढं सरकवला.

गावं धरली गेली. कव्हरवर माझं नाव आलं; माझ्या वडिलांनी, अप्पांनी, ते पान फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावलंय. डोंगरातला मंगळवार आता बाकीच्या वारांसारखाच दिसतो. आकड्यात वार दिसला, की आभाळाकडं बघत बसू नये. एसटी धरावी.