आपांनी पाहुणे घरोघर वाटले

हमीदा आपा साठीच्या झाल्या, त्यायच्यावर काही लिहा, असं गावानं मले सांगितलं. मी त्यायच्याहून दहा वर्षांनी मोठी, तरी आपाच म्हणते, म्हंजे मोठी बहीण. सारं गावच म्हणते.

आमची पहिली ओळख निंबाखाली झाली. आपा तवा अंगणवाडीत नवीन होत्या. फांदीले वजनाचा झोका टांगून त्यायनं माह्या गजाननले त्यात बसवलं, काटा पाहिला आन् मलेच रागावल्या, "मावशी, पोरगं कमी भरून राहिलं. तुमी सोता पोटभर जेवता का?" सासरी आल्यापासून हे मले कोणी विचारलं नव्हतं. तोच गजानन आता बाप झाला, डोकं मात्र तापटच. जाऊ द्या, लेख आपांवर हाय.

आमचं गाव हिवरखेडच्या वरच्या अंगाले, सातपुड्याच्या पायथ्याशी. जंगल पाहाले जाणाऱ्या गाड्या गावातून धूळ उडवत जायच्या. थांबायची एखादी, पंक्चर झाली तर! दिवाळी झाली की गजानन, सून मंदा आन् नात वीटभट्टीवर जायचे. नातीची शाळा अर्धी राहायची आन् मी एकटी भिंतीशी बोलायची.

अंगणवाडी सांभाळून आपांनी नवं काम काढलं. गाडीतल्या लोकायले गावात मुक्कामी ठेवायचं. पाटलांचा वाडा तयारच होता, फरशीचा, संडासाचा. पण आपा म्हणाल्या, झोपणं एका घरी, चहा दुसऱ्या, भाकर तिसऱ्या. पाटील चिडले, "पाहुणे गावभर फिरवता काय, बारशाच्या पेढ्यावाणी?"

"हो पाटील," आपा म्हणाल्या, "पेढा घरोघरच वाटतेत. एकट्यानं खाल्ला तं पोट बिघडते."

आता पाटीलच ते पाहुण्यायले हसून सांगतात.

माह्या एका खोलीच्या घरी भाकरीची पाळी आली. गजानन म्हणे, "शयरातले लोक चूल पाहाले येतेत? त्यायच्या घरचा गॅस संपला का?" पाहुणे आले, मांडी घालून बसले. ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकर आन् ठेचा खाऊन डोळ्यातून पाणी काढलं, तरी अजून मागितला. एकानं आमच्या पोपडे निघालेल्या भिंतीवर मोबाईल धरला, तं आपा म्हणाल्या, "दादा, आधी मावशीले विचारा. घर हाय हे, प्रदर्शन नाही." मी म्हटलं, काढ बापा, पण लुगडं बदलू दे.

जाताना ते पैसे देऊ लागले. मी हात मागं घेतले. पाहुण्याकडून भाकरीचे पैसे! आपा हळूच म्हणाल्या, "मावशी, भाकर तुमी फुकटच वाढा. हे मंदाच्या दिवसाचे. ती आज कापूस वेचाले गेली नाही, पाहुण्यासाठी थांबली." आन् पैसे मंदाच्या हातात ठेवले, गजाननच्या नाही. हे मी ध्यानात ठेवलं.

गाव काही सोन्याचं झालं नाही. पावसाळ्यात पाहुणे येत नाहीत, मंदा लोकायच्या वावरात तण निंदालेच जाते. पण मागच्या दिवाळीले भट्टीचा मुकादम त्यायले न्याले दारात आला. मंदा पिठाच्या हातानं बाहेर आली.

"भाऊ, आमी यंदा येत नाही. गुरवारी आमच्याकडं पाहुणे हायेत."

मुकादम हसला. "पाहुण्यावर पोट भरते का?"

मी म्हटलं, आता गजानन भडकते. तं तो म्हणतो कसा, "बसा ना. खाऊन पाहा, मंग सांगा."

मुकादम दोन भाकरी खाऊन एकटाच गेला.

नातीनं यंदा शाळा सोडली नाही. संध्याकाळी पाढे म्हणून माहं डोकं उठवते, तेच मले गोड लागते. आपा, तुमाले निरोगी, लंबं आयुष्य मिळो. तुमच्या पंच्याहत्तरीची भाकर माह्याच चुलीवरची, मी तवरक कुठं जात नाही. आन् त्या दिवशी निंबाखाली तुमचं वजन मी करीन. कमी भरल्या तं रागावीन!