गिअरबॉक्सचे सील

आमच्या जुन्या गाडीला क्लच नाही. यांचा डावा पाय अधू, म्हणून तशीच शोधून घेतली होती. गिअरबॉक्समधून तेल गळायला लागलं तशी ती अंगणात उभी राहिली, आणि हे खुर्चीत बसले. मुलगा म्हणतो, विकून टाका.

आज मेकॅनिकने सील बदलले. जुनं रबरी कडं मी वाकवून बघितलं, तर पापडासारखं मोडलं.

“एवढं कडक कशानं झालं रे?”

“उभी ठेवून, काकू. चालती राहिली की तेल लागतं, रबर मऊ राहतं.”

वापरून वस्तू झिजते, हे ठाऊक होतं. जपून ठेवलेलीही जाते. माणसाचं काही वेगळं नसावं.

मी किल्ली यांच्या मांडीवर टाकली.

“दळण आणायचंय. उठा.”