शेवटच्या रांगेतला माणूस

मागे फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, तू नाटकात काम करायचीस हे खरं का?" खरं आहे. पण ती गोष्ट सांगायची तर आजोबांच्या कानांपासून सुरुवात करावी लागते, म्हणून तेव्हा विषय बदलला. आता नीट क्रमाने लिहिते.

ऐंशीचं दशक संपत आलं होतं. आम्ही सिल्वासात राहत होतो आणि आजोबा जवळच्या सायली गावातल्या एका धाग्याच्या कारखान्यात उत्पादन बघत. तिथल्या यंत्रांचा आवाज मी एकदाच ऐकला, दसऱ्याच्या पूजेच्या आधी कोणीतरी चालू करून दाखवली तेव्हा. दातांत कळ जावी तसा तो आवाज होता. आजोबा वर्षानुवर्षं त्यात उभे राहिले. कानांत कापूस घालायला सांगितलं तर म्हणत, "मशीन बिघडलं की आधी आवाज बदलतो. कापूस घातला तर कळणार कसं?"

हळूहळू घरात टीव्हीचा आवाज मोठा होऊ लागला. कुकरच्या शिट्ट्या होत राहायच्या आणि हे शेजारी बसून पेपर वाचत असायचे. डॉक्टरांकडे चला म्हटलं की चिडायचे. "मला नीट ऐकू येतं. तूच तोंडातल्या तोंडात बोलतेस."

हे खोटं म्हणता येत नव्हतं. मी कॉन्व्हेंटात शिकलेली, हळू बोलणं म्हणजे सभ्यपणा असं अंगात मुरलेलं. एका वर्षी तिथल्या मराठी मंडळाच्या गणपतीत नाटकात छोटं काम केलं, तेव्हा मागच्या बाजूला बसलेल्या खानदेशी कामगारांतून कोणीतरी ओरडलं होतं, "ओ माय, जरा जोरमा बोल! काहीच ऐकू येस नही!" सगळा हॉल हसला होता.

म्हणून दुसऱ्या वर्षी आईची मोठी भूमिका माझ्याकडे आली तेव्हा मी मनाशी ठरवलं, बोलायला शिकायचं. इतकं स्वच्छ, की दोष माझा की त्यांच्या कानांचा, याचा एकदाचा निकाल लागेल. निकाल माझ्या विरुद्ध लागावा, अशी माझी इच्छा होती.

नाटक बसवणारी बाई नाशिकची, बॉयलरच्या इंजिनिअरची बायको, माझ्यापेक्षा वयाने लहान आणि जिभेने तिखट. पहिल्याच तालमीला मी ओरडून बोलले.

"वहिनी, भाजीवाल्याला हाक मारताय का?" ती म्हणाली. "ओरडलं की शब्द फाटतात. श्वास पोटातून घ्या."

तिने मला सतरंजीवर आडवं केलं आणि पोटावर जाडजूड डिक्शनरी ठेवली. "ही वर गेली पाहिजे. छाती नाही." मग उभं राहून वाक्य म्हणायचं, पण शेवट गिळायचा नाही. आपण वाक्य जोरात सुरू करतो आणि शेवटी आवाज पाडतो, मग अर्थ पहिल्या रांगेतच राहतो. हातातला कप आधी खाली ठेवायचा, मग बोलायचं. दुसरा बोलत असताना पदरसुद्धा सारखा करायचा नाही. आणि प्रेक्षकांकडे पाठ, कधीही नाही.

सगळ्यात अवघड होतं कुजबुजणं. अख्खं भाषण कुजबुजत म्हणायचं आणि ते हॉलच्या दुसऱ्या टोकाला कळलं पाहिजे. आवाज काढून घेतला की ओठांना आणि जिभेला काम करावंच लागतं. ती दाराशी उभी राहून म्हणायची, "नाही आलं. पुन्हा." काही दिवसांनी म्हणाली, "आलं. आता शेवटच्या रांगेतला एक माणूस निवडा आणि नाटकभर त्याच्यासाठी बोला."

माणूस मी आधीच निवडलेला होता.

घरी आजोबा संहिता घेऊन बसत. मी खोलीच्या टोकाला उभी राहून म्हणे, ते ओळीवर बोट फिरवत, मान हलवत. "आलं, आलं, पुढे." कुजबुजले तरी "आलं". मला किती बरं वाटायचं! ते अधूनमधून मान वर करून माझ्या तोंडाकडे बघत, ते मला कौतुक वाटायचं.

नाटकाच्या शेवटी मुलगा कायमचा घर सोडून जातो आणि आई म्हणते, "जा. दार मी लावून घेते." प्रयोगाच्या संध्याकाळी मी चेहरा रंगवून तयार होते, तेवढ्यात बाई आली.

"वहिनी, शेवटचं वाक्य काढलं."

"आता? अहो, तेच तर माझं वाक्य!"

"म्हणूनच. काही बोलू नका. दाराकडे जा, कडीवर हात ठेवा आणि तशाच उभ्या राहा. पडदा पडेपर्यंत."

"म्हणजे पाठ होईल की प्रेक्षकांकडे."

"होऊ दे. महिनाभर पाठ लपवली ती याच्यासाठीच."

आजोबा शेवटच्या रांगेत बसले होते, मीच सांगितलं होतं तसे. मी सगळं नाटक त्यांच्याकडे बघून बोलले. मागून कोणी ओरडलं नाही. शेवटी कडीवर हात ठेवून उभी राहिले, तेव्हा हॉलमध्ये इतकी शांतता झाली की बाहेरच्या जनरेटरची धडधड ऐकू आली. मग टाळ्या झाल्या.

घरी जाताना स्कूटरवर बोलणं झालं नाही. दिवाणखान्यात दिवा लावल्यावर ते माझ्यासमोर आले. त्यांचे डोळे ओले होते.

"अगं, काय बोललीस! शब्द न् शब्द पोचला. आणि ते शेवटचं, 'दार मी लावून घेते'. इतकं हळू म्हणालीस, पण अगदी मागेपर्यंत स्पष्ट ऐकू आलं."

हॉलमधल्या सगळ्या माणसांपैकी ते वाक्य फक्त त्यांनीच ऐकलं होतं.

"पोचलं ना?" मी म्हटलं. "मग झालं."

नंतर पाऊणशे लोक घरी येऊन पुढच्या नाटकाचं विचारून गेले असतील. मी पुन्हा उभी राहिले नाही. शिकलेलं मात्र सगळं घरात वापरलं. आधी हातातलं काम खाली ठेवायचं, त्यांच्यासमोर यायचं, तोंड उजेडाकडे, पाठ कधी नाही, वाक्य शेवटापर्यंत. त्यांना ऐकू येत नाही हे पुढे कारखान्यात कळलंच. त्यांना स्टोअरमध्ये बसवलं, आणि तिथून ते फार बोलेनासे झाले. कानाचं यंत्र आणलं, ते डबीतच राहिलं. यंत्रांचा आवाज पुरे झाला, म्हणाले.

तुम्ही लहानपणी परदेशातून फोन करायचात, तेव्हा आजोबा "बरं, बरं, अभ्यास करा" एवढंच म्हणून रिसीव्हर माझ्या हातात द्यायचे. आजोबांना आपण आवडत नाही, असं तुमच्यापैकी एकीने आईला सांगितल्याचं मला नंतर कळलं. तसं नव्हतं, बाळांनो. त्यांना तुमचा आवाज कधी ऐकूच आला नाही.

फोन ठेवला की ते जेवणाच्या टेबलाशी खिडकीसमोरच्या खुर्चीवर येऊन बसत आणि माझ्याकडे बघत. मग मी तुम्ही व्हायची. कोणाचा दात पडला, कोणाला बर्फात खेळू दिलं नाही, कोण फोनवर रुसलं, सगळं तुमच्यासारखा चेहरा करून, एकेक शब्द ओठांवर आणून. ते हसत, आणि झालं की म्हणत, "पुन्हा कर ना, ती धाकटी रुसते ते."

ती खुर्ची अजून खिडकीसमोरच आहे, रिकामी. परवा तुमचा फोन आला, आणि ठेवल्यावर मी सवयीने उजेडाकडे तोंड करून उभी राहिले.